यॅगमध्ये यॅप का उरतं, आणि मग फायबरचं काय

घणसोलीहून एका एम.टेक.च्या मुलीचा मेसेज आला, तो थोडक्यात असा: "काका, यॅग बनवतेय. आधी इट्रिया आणि ॲल्युमिना खलात घोटून १४०० ला चार तास ठेवलं, एक्सआरडीत भलत्याच तीन-चार फेज. मग नायट्रेट घेऊन ग्लायसिनने कम्बशन केलं, यॅग आलं पण थोडं यॅप राहतंच, १५०० ला परत भाजलं तरी जात नाही. पेलेट १६०० ला सिंटर केला तर पांढराफटक, आरपार काही दिसत नाही. आणि आता सर म्हणतायत फायबर कर. कुठला रूट घेऊ?" (बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी: यॅग म्हणजे इट्रियम-ॲल्युमिनियम गार्नेट हे सिरॅमिक, यॅप हा त्याच धातूंचा नको असलेला भाऊबंद. इट्रिया आणि ॲल्युमिना ही त्या दोन धातूंची ऑक्साइडं. एक्सआरडी म्हणजे मालात कुठली संयुगं, म्हणजे फेज, आहेत ते क्ष-किरणांनी बघणं. कम्बशन म्हणजे नायट्रेट आणि इंधन एकत्र पेटवून पावडर करणं, पेलेट म्हणजे पावडर दाबून केलेली चकती, सिंटर म्हणजे ती न वितळवता भाजून घट्ट करणं. तापमानं सगळी सेल्सिअसमध्ये.) व्हॉइस नोटवर सांगायला गेलो तर सतरा मिनिटं झाली आणि मधेच कुकरच्या शिट्ट्या, म्हणून लिहूनच काढतो. रबाळ्याच्या गाळ्यात ऑक्साइड सिरॅमिक करत २६ वर्षं गेली, त्यातली निम्मी यॅगमागे, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घे.

आधी निदान सांगतो: भट्टीच्या मागे लागू नकोस, काटा तपास. तापमान वाढवत राहायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही व्हायचा, पण यॅगमध्ये दहापैकी आठ वेळा घोळ भट्टीच्या दाराच्या अलीकडेच झालेला असतो, वजनात नाहीतर मिक्सिंगमध्ये नाहीतर पावडर वाळवताना.

इट्रिया आणि ॲल्युमिना यांची तीन संयुगं होतात हे तुला माहीत असेलच. यॅममध्ये इट्रियम ४ ला ॲल्युमिनियम २, यॅपमध्ये एकास एक, आणि यॅगमध्ये ३ ला ५. आता नुसत्या ऑक्साइडच्या पावडरी एकत्र भाजल्या की काय होतं, इट्रियाचा एक कण घे, त्याच्याभोवती ॲल्युमिनाचे कण. ॲल्युमिनियम हळूहळू इट्रियाच्या कणात शिरतं, जिथे थोडंच पोचलं तिथे यॅम, अजून आलं की यॅप, आणि पुरेसं आलं की यॅग. म्हणजे यॅम आणि यॅप हे वाटेतले स्टेशन आहेत, ठाण्याहून वाशीला जाताना ऐरोली-रबाळे लागतात तसे. तू १४०० ला चार तासांत गाडी थांबवलीस तर सगळी स्टेशनं एक्सआरडीत दिसणारच, त्यात तुझी चूक काही नाही. हाच माल परत दळून १६०० च्या आसपास भाजलास की बहुतेक सगळं यॅग होईल. खलात हाताने घोटण्यापेक्षा इथेनॉलमध्ये बॉल मिल लाव, कण जेवढा बारीक तेवढा ॲल्युमिनियमला चालायचा रस्ता कमी.

पण कम्बशनमधलं यॅप वेगळं आहे. तिथे सगळं पाण्यात विरघळलेलं होतं, म्हणजे मिक्सिंग अणूंच्या पातळीवर झालेलं, १५०० ला यॅप उरायचं कारणच नाही. इथे एक गोष्ट बघ, एक्सआरडीत यॅपच्या जोडीला मोकळा ॲल्युमिनापण आहे का? दोन्ही असतील तर रिॲक्शन अर्धवट राहिली, अजून भाज. यॅप आहे आणि ॲल्युमिना दिसत नाही, तर ॲल्युमिनियम मुळातच कमी पडलंय आणि मग तू दोन हजारला भाजलंस तरी ते यॅप कुठे जाणार नाही, जायला जोडीदारच नाही. (एक्सआरडीच्या कॉपर ट्यूबवर यॅगचा मोठा पीक ३३.३ अंशांच्या आसपास, यॅपचा ३४.३ च्या. जवळ आहेत, स्कॅन सावकाश लाव.)

ॲल्युमिनियम कमी कसं पडलं? माझा संशय थेट ॲल्युमिनियम नायट्रेटच्या बाटलीवर आहे. लेबलवर एका रेणूमागे नऊ पाणी लिहिलेलं असतं, पण जुलैमध्ये आपल्याकडे ती बाटली चार वेळा उघडली की आतला माल ओल्या मिठासारखा होतो, आणि तू लेबलवरचा रेणूभार धरून वजन करतेस. हिशोब करून बघ. समजा ४ टक्के वजन जास्तीच्या पाण्याचं आहे. म्हणजे ५ ऐवजी ४.८ ॲल्युमिनियम पडलं, इट्रियम ३ च. त्यातून ०.९ भाग यॅग आणि ०.३ भाग यॅप होतं, वजनात साधारण ८ टक्के यॅप! चार टक्के पाणी आणि आठ टक्के कचरा. इट्रियम नायट्रेटही पाणी ओढतं, ते जास्त ओलं असेल तर उलटं होतं, ॲल्युमिना मोकळा राहतो.

उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे. दोन ग्रॅम नायट्रेट वजन केलेल्या क्रुसिबलमध्ये घे, हळूहळू तापवत १२०० पर्यंत ने, थंड कर डेसिकेटरमध्ये (ओल न लागू देणाऱ्या बंद भांड्यात), किती ऑक्साइड उरलं ते बघ. ॲल्युमिनियम नायट्रेट लेबलप्रमाणे असेल तर १३.६ टक्के उरायला हवं, इट्रियम नायट्रेट सहा पाण्याचं असेल तर २९.५. तीन वेळा कर, सरासरी घे. याहून बरं म्हणजे दोन्हींची स्टॉक सोल्यूशन्स बनव, त्यांचंच असं प्रमाणीकरण कर, म्हणजे धातू खरा किती ते काढ, आणि बाटली घट्ट बंद ठेव, मग पावसाळा असो नाहीतर काही असो, मोजायचं ते मिलिलिटरमध्ये. ऑक्साइड वापरत असशील तर इट्रिया पण साधा नाही, हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही धरतो, वजन करायच्या आधी १००० ला भाजून घ्यायचाच. १० ग्रॅम यॅगला इट्रिया ५.७१ आणि ॲल्युमिना ४.२९, हे आकडे माझ्या काट्याशेजारी भिंतीवर खडूने लिहिलेत, पण ते कोरड्या मालाचे आकडे आहेत.

माझी स्वतःची फजिती सांगतो. सुरुवातीच्या काळात एका ऑर्डरच्या पट्ट्या करत होतो, वजनं चोख, इट्रिया भाजलेला, सगळं नीट, तरी प्रत्येक पट्टीत दुधाळ ढग. दोन महिने भट्टीवाल्याशी भांडलो. मग एका जुन्या फोरमनने विचारलं, साहेब, मिलमधल्या गोळ्या कधी वजन केल्यात का. ॲल्युमिनाच्या गोळ्या, चोवीस तास फिरून झिजत होत्या, झिजलेला सगळा ॲल्युमिना बॅचमध्ये. तेव्हापासून गोळ्या मिलमध्ये जाण्याआधी आणि बाहेर आल्यावर सुकवून वजन करतो आणि तेवढा ॲल्युमिना पुढच्या बॅचमधून वजा. यॅगमध्ये ३ आणि ५ च्या गणिताला इकडेतिकडे व्हायला फार कमी जागा आहे, जास्तीचं जे काही असेल ते दुसरी फेज होऊन कणांच्या सीमेवर बसतं आणि प्रकाश विखुरतं.

कम्बशनबद्दल थोडं, कारण तू तेच चालू ठेवशील असं वाटतंय. ग्लायसिनचा हिशोब असा की नायट्रेटची ऑक्सिडायझिंग बाजू १५ धरतात, ग्लायसिनची रिड्यूसिंग ९, म्हणून एका मोल धातूमागे १.६७ मोल ग्लायसिन, १० ग्रॅम यॅगला साधारण १६.९ ग्रॅम. युरिया घेतलास तर २.५ मोल. ही पद्धत आपल्या देशात चांगलीच रुजलेली आहे, बंगळुरूच्या आयआयएससीत पाटील सरांच्या ग्रुपने १९८८ च्या सुमारास युरियाने ॲल्युमिना याच पद्धतीने करून दाखवला आणि मग जगभर लोकांनी उचललं. छान पद्धत आहे, पाच मिनिटांत फुललेली पावडर हातात. पण एक लक्षात ठेव, नायट्रेट आणि इंधन एका भांड्यात म्हणजे फटाक्याचाच प्रकार, १० ग्रॅमच्या वर एका वेळी जाऊ नकोस, भांडं मोठं घे, फ्यूम हुड चालू, तपकिरी धूर निघतो तो नायट्रोजन ऑक्साइडचा, तो फुफ्फुसाला चांगलाच लागतो. मी एकदा एक लिटरच्या बीकरमध्ये लोभ केला, अर्धी पावडर हुडच्या छताला चिकटली.

कम्बशनची पावडर फेजसाठी, फॉस्फरसाठी (एका रंगाचा प्रकाश घेऊन दुसऱ्या रंगाचा देणाऱ्या पावडरीसाठी) बरी. पारदर्शक पेलेटसाठी मी ती घेत नाही, कारण कण एकमेकांना चिकटून स्पंजसारखे होतात, दाबले तरी मधे हवा राहते.

फॉस्फर म्हणालो म्हणून आठवलं, घरातला कुठलाही पांढरा एलईडी बंद करून जवळून बघ, पिवळा ठिपका दिसतो ना, तो बहुतेक वेळा सिरियम घातलेलं यॅगच असतं. खाली निळी चिप, वर हे पिवळं, दोन्ही मिळून पांढरा. ठाणे-बेलापूर रोडवर रात्री जेवढे दिवे दिसतात त्यातल्या बऱ्याच दिव्यांच्या पोटात तुझाच प्रोजेक्ट आहे, घरी कुणी विचारलं की हे सांग, लगेच कळतं.

पारदर्शकतेसाठी रूट म्हणशील तर कोप्रेसिपिटेशन, म्हणजे दोन्ही धातू द्रावणातून एकत्र खाली बसवणं, तेही उलट्या बाजूने. लोक बीकरमध्ये नायट्रेट घेतात आणि वरून अमोनिया टाकतात. तिथेच फसतात. पीएच वाढत जातो, ४-५ ला ॲल्युमिनियम आधी खाली बसतं, इट्रियम ७ च्या वर गेल्यावर, म्हणजे तू पाण्यात एकजीव केलेलं परत वेगळं केलंस. त्यामुळे बेस बीकरमध्ये, आणि नायट्रेटचं मिश्रण थेंब थेंब वरून, मिनिटाला दोन-तीन मिलिलिटर, ढवळणं चालू, पीएच ८ च्या आसपास धरून. म्हणजे प्रत्येक थेंब पडल्या पडल्या दोन्ही धातू एकदम खाली. बेस म्हणून मी अमोनियाऐवजी अमोनियम बायकार्बोनेट घेतो, बेकरीवाले बिस्किटं फुलवायला वापरतात तेच, फक्त शुद्ध ग्रेडचं, दीड मोलरचं द्रावण. अमोनियाने जेली येते, चिकट, गाळायला जीव जातो, आणि वाळली की दगड. बायकार्बोनेटने कार्बोनेटवाला साका येतो, सुटा, आणि भाजताना ९००-१००० लाच यॅग होऊन जातो, मधल्या स्टेशनांवर फारसं न थांबता. थोडं अमोनियम सल्फेट घातलं तर कण अजून सुटे राहतात.

धुणं हा कंटाळवाणा पण निर्णायक भाग. डीआय वॉटरने (क्षार काढलेल्या पाण्याने) चार-पाच वेळा, आणि शेवटी दोन वेळा इथेनॉलने. शेवटचं इथेनॉल टाळायचा मोह होतो, पण पाणी राहिलं की वाळताना कणाकणांत पूल तयार होतात आणि तेच पुढे भाजल्यावर पक्के ढेकूळ. बोटांमध्ये चोळून बघ, टाल्कम पावडरसारखं लागलं तर चांगलं, रव्यासारखं लागलं तर ती बॅच फॉस्फरला ठेव. मग ११००-१२०० ला दोन-चार तास भाजायचं, फार नाही, नाहीतर कण मोठे होऊन सिंटर व्हायचा उत्साहच संपतो. आणि एक, एप्रिल २०२५ पासून चीनने इट्रियमच्या निर्यातीवर परवाना लावलाय, तेव्हा बॅच वाया घालवणं पूर्वीपेक्षा जास्त महाग आहे.

आता तुझा पांढरा पेलेट. हे ऐकून वाईट वाटेल पण तुमच्या कॉलेजच्या मफलमध्ये (हवेत भाजणाऱ्या साध्या भट्टीत) तो पारदर्शक होणार नाही, तू कितीही चांगली पावडर दिलीस तरी. हवेत सिंटर करताना बंद झालेल्या छिद्रांमध्ये हवा अडकते, ऑक्सिजन जाळीतून कसाबसा निघून जातो, नायट्रोजन जात नाही, तो बसून राहतो. ९९ टक्के घनता आली तरी उरलेला एक टक्का छिद्रं पेलेट खडूसारखा पांढरा करायला पुरेशी आहेत. म्हणून व्हॅक्यूम, १७०० ते १७८० डिग्री, दहा-वीस तास, टंगस्टनच्या हीटरवाली भट्टी. ग्रॅफाइटची भट्टी असेल तर कार्बन शिरतो आणि पेलेट काळपट येतो. व्हॅक्यूममधून निघालेला पेलेट तसाही थोडा रंगलेला असतो, ऑक्सिजन कमी पडल्यामुळे, तो हवेत १४५० ला काही तास ठेवला की साफ होतो. सिंटरिंगला मदत म्हणून मिलिंगच्या वेळी अर्धा टक्का टीईओएस (सिलिकॉनचं एक द्रव संयुग) घालतात, त्याची सिलिका होते, काही लोक मॅग्नेशिया थोडी. जास्त घालू नकोस, सीमांवर काच जमते.

काय शक्य आहे याचा अंदाज यावा म्हणून सांगतो. यॅगचा अपवर्तनांक १.८२ च्या आसपास, त्यामुळे दोन्ही पृष्ठभागांवरून परावर्तन जाऊन ८४ टक्के प्रकाश आरपार जाऊ शकतो, त्यापेक्षा जास्त कोटिंगशिवाय नाहीच. यॅग क्यूबिक असल्यामुळे हे जमतं, सगळ्या दिशांना सारखं, कण कसेही वळलेले असले तरी प्रकाशाला फरक पडत नाही. १९६४ साली बेल लॅब्समध्ये निओडिमियम यॅगचा लेझर चालला तो सिंगल क्रिस्टलचा. इरिडियमच्या क्रुसिबलमध्ये १९५० डिग्रीच्या आसपास वितळवून अगदी मुंगीच्या पावलाने वर ओढायचा, आणि निओडिमियमला क्रिस्टलमध्ये जायचंच नसतं, बहुतेक मेल्टमध्येच मागे राहतं. १९९५ मध्ये जपानमध्ये इकेसुए यांनी सिरॅमिक यॅगचाच चांगला लेझर चालवून दाखवला, तोही ऑक्साइड पावडरी भाजून, तेव्हा लोकांना पटलं की पावडर नीट केली तर क्रिस्टलची बरोबरी होते.

फक्त डिग्रीपुरतं करायचं असेल तर मफलमध्ये १६०० ला घनता ९५-९७ टक्के आणून आर्किमिडीजच्या पद्धतीने, पाण्यात तोलून मोज (यॅगची पूर्ण घनता ४.५५ धर) आणि मायक्रोस्ट्रक्चर दाखव, त्यातही काम आहे. पेलेटखाली त्याच पावडरीचा थर दे, ॲल्युमिनाच्या ताटलीवर थेट ठेवलास तर खालची बाजू ताटलीतून ॲल्युमिनियम ओढते. बाइंडर (पावडर धरून ठेवणारा चिकट पदार्थ) घातला असशील तर ६०० पर्यंत मिनिटाला एक डिग्रीच. आणि लाइट जाते हे धरूनच चाल, आमच्याकडे व्हॅक्यूम भट्टीच्या थंड पाण्यासाठी गच्चीवर टाकी ठेवलीये, पंप बंद पडला तरी वरून पाणी येत राहतं, ती नसती तर एव्हाना दोन भट्ट्या गेल्या असत्या.

फायबर. इथे मात्र तुझ्या सरांनी अवघड पण मजेचं काम दिलंय. यॅगचं फायबर हवं कशाला, तर ॲल्युमिनाचं फायबर ११००-१२०० च्या वर भार घेतला की हळूहळू ताणत जातं, क्रीप होतं, यॅग त्या बाबतीत कितीतरी हट्टी आहे. इंजिनातल्या गरम भागांसाठी सिरॅमिक कॉम्पोझिट करायचं तर असा धागा हवा.

काचेसारखा वितळवून ओढता येत नाही का, हा प्रश्न सगळे विचारतात. वितळलेलं यॅग पाण्यासारखं पातळ असतं, त्याचे थेंब पडतात, धागा होत नाही. अमेरिकेत वेबर आणि मंडळींनी यावर भारी युक्ती केली, १९९८ मध्ये नेचरला छापून आली. थेंब हवेत तरंगत ठेवायचा, लेझरने वितळवायचा, भांड्याचा स्पर्शच नाही, त्यामुळे स्फटिक सुरू व्हायला जागा मिळत नाही आणि तो वितळणबिंदूच्या खाली बराच थंड होऊनही द्रवच राहतो, घट्ट होत जातो, आणि त्या घट्ट अवस्थेत सुईने टोचून ओढला की काचेचा धागा. वाचायला सुंदर, आपल्याला करायला नाही. लेझरने कांडीचं टोक वितळवून सिंगल क्रिस्टल फायबर ओढण्याची पद्धतही आहे, तीही तुझ्या बजेटबाहेर.

तुझ्यासाठी सोल स्पिनिंग, म्हणजे आटवून दाट केलेलं द्रावण बारीक भोकातून दाबून धागा काढायचा. आणि ते कसं शिकायचं तर आजीकडे जा, कुरडईचा चीक शिजवताना बघ. चीक पातळ राहिला तर सोऱ्यातून पडलेली कुरडई पसरते, जास्त आटला तर सोऱ्या दाबला जात नाही. आणि कुरडया कुणी श्रावणात घालत नाही, चैत्र-वैशाखात घालतात. हे तिन्ही नियम यॅगच्या फायबरला जसेच्या तसे लागू आहेत.

चिकाच्या जागी तुझं बेसिक ॲल्युमिनियम क्लोराइड आणि इट्रियमचं मीठ, नायट्रेट किंवा ॲसिटेट, यांचं पाण्यातलं द्रावण, पुन्हा ३ ला ५, पुन्हा प्रमाणीकरण करूनच. (पाणी शुद्धीकरणवाल्यांकडे पीएसी, म्हणजे पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड, स्वस्तात मिळतं ते तेच नव्हे का, असं विचारशील. जवळपास तेच, पण त्यात लोखंड आणि सल्फेट किती येईल सांगता येत नाही, प्रॅक्टिसला वापर, रिझल्टला नको.) त्यात थोडं पीव्हीए किंवा पीईओसारखं पॉलिमर, धागा धरायला. मग कमी तापमानावर हळूहळू आटवायचं. कधी थांबायचं? काचेची कांडी बुडवून वर उचल. पाकाची तार बघतात ना, एकतारी, दोनतारी, तसंच. थेंब पडला तर अजून आटव, हातभर तार न तुटता आली तर लगेच थांब, कारण त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांत जेल होतं आणि परत मागे आणता येत नाही. व्हिस्कोमीटर असेल तर आकडा लिहून ठेव, पण पहिला निर्णय कांडीवरच घे.

बारीक भोकातून दाबायच्या आधी द्रावण गाळ, नाहीतर भोक तुंबतं, आणि बुडबुडे काढ, बुडबुडा म्हणजे पुढे तिथेच धागा तुटणार. बाहेर आलेला धागा कोरड्या हवेत ओढून गुंडाळायचा. आपल्याकडे पावसाळ्यात हवेत एवढी आर्द्रता असते की धागा वाळायच्या ऐवजी उलटं पाणी पितो आणि रिळावर एकमेकांना चिकटून लगदा होतो, एसी पुरत नाही, डिह्युमिडिफायर लागतो, नाहीतर दिवाळीपर्यंत थांब.

मग भाजणं, आणि इथे घाई केलीस तर सगळं गेलं. धाग्याच्या वजनातला मोठा हिस्सा पाणी, क्लोराइड आणि पॉलिमर आहे, ते बाहेर जाताना धागा आक्रसतो. ६०० पर्यंत मिनिटाला एक डिग्री, त्याहून कमी चालली तर उत्तम, क्लोराइडचं ॲसिड होऊन बाहेर पडतं, ते हीटर खातं, म्हणून ही पायरी जुन्या भट्टीत आणि चांगल्या एक्झॉस्टखाली. ९००-१००० ला यॅगचे स्फटिक येतात, मग वर थोडा वेळच नेऊन घट्ट करायचं. थोडा वेळच, कारण यॅगचे कण मायक्रॉनच्या वर वाढले की धागा ठिसूळ होतो, आणि क्रीपसाठी मात्र मोठा कण बरा. हे भांडण मिटत नाही, तुझ्या रिपोर्टमध्ये कुठली बाजू घेतलीस ते लिही, परीक्षक नक्की विचारतील.

जाडी दहा मायक्रॉनच्या आसपास धर. तीन मायक्रॉनपेक्षा बारीक तुकडे श्वासातून आत खोल जातात, तुटलेले धागे झाडूने झाडू नकोस, ओल्या कपड्याने पुस, मास्क साधा कापडी नको.

रूट विचारलास म्हणून: पेलेटला बायकार्बोनेट, फायबरला सोल, कम्बशन फॉस्फरला. पण त्याआधी आज रात्री ॲल्युमिनियम नायट्रेटचं क्रुसिबल भट्टीत ठेव आणि उद्या आकडा कळव. १३ च्या आसपास आला तर यॅप कुठून आलं ते कळलं, आणि १३.६ च आला तर माझं निदान चुकलं, मग तुझ्या इट्रियमच्या बाटलीवरचं लेबल बघायला मीच घणसोलीला येतो.